पाटीवर नसलेला उंबरठा

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, एक पाटी आहे. ओतीव लोखंडाची, निळी, तिच्यावर पांढरी अक्षरं. आधी आयरिशमध्ये, मग इंग्रजीत. इथे एक मोठी हवेली होती, ती कोणत्या घराण्यानं बांधली, त्या घराण्यातले कोणते पुरुष कोणत्या फौजेत होते, कोणी कुठे भाषणं केली, असं सगळं. शेवटचं वाक्य असं आहे: त्या घराचं आज काहीही शिल्लक नाही.

घरातून निघालं की मला त्या पाटीपाशी उजवीकडे वळावं लागतं, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांमुळे तिथे थांबावं लागतं. म्हणजे दिवसातून एकदा तरी ते वाक्य वाचावं लागतं. प्रत्येक वेळी डोक्यात सणक जाते, कारण ते खोटं आहे. त्या हवेलीच्या पुढच्या दाराची पायरी माझ्या घरात आहे. पाच फूट लांब, दीड फूट रुंद, आयर्लंडमधल्या या कॉर्क भागातल्या करड्या चुनखडीची, अखंड. आणि पाटी लावणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

मी कॉर्कला आलो तो एका औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून. सात वर्षं काम केलं. मग माझ्या हाताखाली शिकलेल्या एका पोराला माझ्याच डोक्यावर बसवला, तेव्हा मी साहेबाला तोंडावर जे बोलायचं ते बोललो आणि बाहेर पडलो. बायको तेव्हाही आणि आताही मेडिकल उपकरणांच्या कारखान्यात आहे. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या रागाला कुठे पगार मिळतो का बघा." मिळाला. जुनी घरं पाडतात तिथून दारं, शेकोट्यांच्या चौकटी, फरशा, पायऱ्या उचलायच्या, साफ करायच्या, विकायच्या, हा धंदा मी सुरू केला. माझ्या वडिलांचं मिरजेत जुन्या लोखंडाचं दुकान होतं. त्यांच्याकडून एक गोष्ट मी लहानपणीच शिकलो होतो. वस्तू आवडली की तिच्याकडे बघायचं नाही, तिच्यातल्या खोटीकडे बघायचं.

हवेलीचं छप्पर फार पूर्वी, त्या घराण्यानंच उतरवलं होतं. इथे तेव्हा छप्पर असलेल्या घरावर कर लागे, म्हणून अनेकांनी आपली घरं आपल्या हातांनी उघडी टाकली. मग पावसानं आणि आयव्हीच्या वेलींनी उरलेलं खाल्लं. मी पाहिली तेव्हा एक भिंत आणि पुढच्या दाराची चौकट तेवढी उभी होती, आणि ठेकेदार तीही पाडून खडी करणार होता. त्याच खडीवर आमच्या वसाहतीचे रस्ते झाले.

पायरी मला पाहताक्षणी हवी होती. मी तिच्याकडे पाठ करून ठेकेदाराशी पाऊसपाण्यावर बोललो. मग निघता निघता बुटाच्या टोकानं दाखवली.

"ही पण खडीतच जाणार का?"

"तुला हवी आहे का?"

"कशाला? झिजलीय की. हे बघ."

पायरीची बाहेरची कड गोल घडवलेली होती. त्या कडेपासून वीतभर आत, डाव्या अंगाला, दोन उथळ खळगे होते. शेजारी शेजारी, बशीएवढे. मी त्यांच्यावर बोट ठेवलं.

"पाणी साचणार. थंडीत बर्फ होऊन दगड फुटणार. गिऱ्हाईक घेणार नाही."

"तू म्हणजे अगदी पक्का चोर आहेस रे," तो हसून म्हणाला. त्याच्या मळ्याला फाटक हवं होतं. माझ्या वखारीत एक लोखंडी फाटक पडून होतं, एका बिजागरीला तडा गेलेलं. तो तडा मी दाखवला नाही. फाटक त्याच्याकडे गेलं, पायरी माझ्याकडे आली. खळगे डाव्या अंगाला का, हा प्रश्न तेव्हा मला पडला होता. माणसं दाराच्या मध्यावर पाय ठेवतात, झिजतं ते मध्ये. पण सौदा झाला की मी प्रश्न सोडून देतो.

पुढे त्याच जमिनीवर वसाहत झाली आणि आम्ही तिच्यात घर घेतलं. इथल्या नव्या घरांना उंबरठा नसतो, चाकाची खुर्ची सहज आत जावी म्हणून सगळं सपाट. बायकोला ते खुपत होतं. "दारात काही आडवं नाही, घर आहे की बसस्टॉप?" म्हणायची. आमच्या घराला आधी छोटा पोर्च, त्याला काचेचं दार, आणि मग आतलं दार आहे. वखारीतली ती पायरी मी या आतल्या दाराखाली बसवली. अर्धी पोर्चमध्ये, अर्धी हॉलमध्ये, गोल कड बाहेर, जशी हवेलीला होती तशी. माझं काम चोख असतं.

त्याच उन्हाळ्यात माझी आई मिरजेहून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबरठा पुसायला आतून बसली आणि ओरडली.

"आरं, ही कड किती धारदार ठेवलीस! गुडघं सोलून निघालं माझं."

"आई, हा दगड असाच असतो. गोल बाजू बाहेर."

"आनि हळदीकुंकू कोन लावनार, भाईरचा मानूस? बसायचं आमी, धार आमच्याकडं. फिरव त्यो."

दोन माणसं बोलावून मी तो दगड फिरवला. धारेची कड बाहेर गेली, गोल कड आणि ते दोन खळगे हॉलमध्ये आले. आई गोल कडेला गुडघे टेकून बसली, हळद लावली, कुंकू लावलं, म्हणाली, "आता कसं!"

आई परत गेल्यावर ते काम बायकोकडे आलं. ती सकाळी ओल्या फडक्यानं दगड पुसते, दोन बोटं हळदीकुंकू लावते आणि कामावर जाते. आमच्याकडे उंबरठ्यावर कोणी पाय देत नाही, ओलांडून जातो. शेजारणीसुद्धा आता ओलांडतात.

ऑक्टोबरच्या सुमाराला बायको म्हणाली, "अहो, तो दगड नीट वाळत नाही."

मी पाहिलं. हीटिंग चालू होतं, दगड कोमट होता, पुसून तास झाला होता. सगळा कोरडा फटफटीत, आणि खळग्यांच्या जागी दोन ओले गोल. बोट लावलं तर बर्फासारखे गार. मी म्हटलं, खालून ओल येते. दगड उचलून खाली प्लास्टिकचा जाड कागद घातला. दुसऱ्या दिवशी दोन ओले गोल. मी म्हटलं, फडकं जास्त ओलं करतेस. तिनं दोन दिवस पुसलाच नाही. दोन दिवस, सकाळी, दोन ओले गोल. दुपारपर्यंत जायचे.

लेक सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कॉर्कच्या इंग्रजीत येतं. ती म्हणाली, दगड तिथे सच्छिद्र असेल, हवेतलं पाणी ओढत असेल, यात काय एवढं. धंद्यात मीही गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं. पण ती स्वतः त्या दिवसापासून दाराच्या उजव्या अंगानं उडी मारून जायला लागली, हे मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "डाव्या बाजूला कोणीतरी बसलंय असं वाटतं. म्हणजे तसं नाही. म्हणजे, वाटेत येऊ नये असं."

 सुट्टीच्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघरात आणि मी जिन्यावर असताना, हॉलमधून खरखर ऐकू आली. ताठ केसांचा ब्रश दगडावर घासावा तशी. मला वाटलं ती घासतेय, तिला वाटलं मी. आम्ही दोघं एकाच वेळी हॉलमध्ये आलो आणि एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. तेव्हापासून ती पुसून झाल्यावर त्या दोन जागांना आधी हात लावते, मग हळद लावते. का, ते मी विचारलं नाही.

पाटी लागली ती त्यानंतरच्या वसंतात. इतिहास समितीचे अध्यक्ष निवृत्त शाळामास्तर. हवेलीची जुनी चौकट कशी होती, पायऱ्या किती होत्या, हे त्यांना मी सांगितलं होतं, पाडायच्या आधीचे माझे फोटो दिले होते. पाटीच्या कार्यक्रमाचं बोलावणं मला आलं नाही. मी रस्त्यानं जाताना माणसं जमलेली दिसली म्हणून थांबलो, आणि तिथे ते वाक्य वाचलं. काहीही शिल्लक नाही. मी मास्तरांना सगळ्यांसमोर म्हणालो, "हे खोटं आहे. चला माझ्या घरी, दाखवतो."

मास्तर गोड हसले आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "युअर मॅनचं त्या घरावर अगदी ग्रँड भागलं." इथे 'युअर मॅन' म्हणजे 'तो बुवा', आणि 'ग्रँड' म्हणजे 'छान'. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि मी 'तो बुवा' होतो. घर ओस पडल्यावर ज्यांनी त्या घरातले दगड आपल्या गोठ्यांना लावले, त्यांच्या नातवंडांनी मान डोलावली. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. लेक आठवडाभर माझ्याबरोबर दुकानात यायला तयार नव्हती.

पण महिन्याभरात मास्तर माझ्या दारात आले. समितीला पायरी हवी होती. पाटीखाली जमिनीत बसवायची, म्हणजे वाचणारा माणूस हवेलीच्याच पायरीवर उभा राहून वाचेल. कल्पना चांगली होती. मी लगेच पायरीकडे पाठ केली.

"पाटीवर ओळ हवी," मी म्हणालो. "पायरी कोणी वाचवली त्याची. नावासकट."

"पाटी ओतीव आहे, बाबा. त्यात ओळ कुठून घालू?"

"मग दगडावर पितळी पट्टी."

"स्थानिक रहिवाशाने जपली, असं लिहू."

"रहिवाशाला आईबापांनी नाव ठेवलंय."

ही घासाघीस सहा महिने चालली. एकदा ते उठून गेले, दोनदा मी हाकलले. शेवटी ते आले, टोपी काढली, म्हणाले, "ठीक आहे. नाव. पूर्ण. स्पेलिंग तू लिहून दे." रविवार ठरला. गावाच्या पत्रकात छापून आलं. मी आईला व्हिडिओवर सांगितलं की या देशात रस्त्यावर माझं नाव लागणार, तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला. कारखान्यातल्या त्या साहेबाचीही कामावर जायची वाट तीच होती. तेही माझ्या मनात होतं, कशाला लपवू.

बायकोनं विचारलं, "आणि दाराला?"

"ग्रॅनाइटचा बसवतो. नवा, चकचकीत."

"हं," ती म्हणाली.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, आमच्या मागच्या दारावर टकटक झाली. मागच्या दाराशी कोणी येत नाही. घराच्या बाजूच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून यावं लागतं. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं दार उघडलं तर ऐंशीच्या पुढची एक बारीक म्हातारी, चांगला कोट घातलेली, आणि तिचा दंड धरून, तिला वृद्धाश्रमातून घेऊन आलेली तिची भाची.

भाची ओशाळली होती. "मी म्हणत होते पुढून जाऊ. मावशी ऐकत नाही."

म्हातारी म्हणाली, "पत्रकात वाचलं. पायरी रस्त्यावर जाणार म्हणे. त्याआधी बघितली तर चालेल का? माझी आई त्या घरात कामाला होती."

मला वखारीत जायचं होतं. कोणीतरी आणखी हक्क सांगायला आलं, हे पहिलं मनात आलं. पण बायकोनं त्यांना स्वयंपाकघरातून सरळ हॉलमध्ये नेलं, त्यामुळे म्हातारीनं पायरी पाहिली ती आतून. ती थबकली.

"हा उलटा बसवलाय तुम्ही."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "कारण आहे त्याला."

तिनं माझ्याकडे लक्ष दिलं नाही. भाची "मावशी, कंबर, कंबर" करत असताना ती भिंतीला धरून खाली वाकली आणि त्या दोन ओल्या गोलांपैकी एकावर तिनं तळहात ठेवला. तो काढला नाही.

"तिचे गुडघे," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिची आई चौदाव्या वर्षी कामाला लागली. हवेलीतली मंडळी उठायच्या आत पुढची पायरी ब्रशनं घासून पांढरी करायची, रोज, थंडी असो की पाऊस. पायरीवरच गुडघे टेकायचे, दाराच्या डाव्या अंगाला, कारण उजव्या बाजूनं कुत्रे बाहेर सोडत.

मी म्हणालो, "एका बाईच्या गुडघ्यांनी दगड झिजत नाही हो. मी दगडात काम करतो."

"नाही झिजत," ती म्हणाली. "ती आली तेव्हा खळगे होतेच. तिच्या आधी किती पोरी झाल्या असतील. आई सांगायची, पहिल्याच दिवशी टेकले आणि गुडघे आपसूक त्यात बसले, मापाच्या बुटात पाय बसावा तसे. थंडीनं नाही रडले, म्हणायची, त्यानं रडले."

त्या दारातून तिची आई कधीच आत गेली नाही. घासायचं आणि वळसा घालून मागून जायचं. घराणं निघून गेलं, सामानाचा लिलाव झाला, तेव्हा सगळं गाव पुढच्या दारातून बिनधास्त आत शिरलं. तिची आई पायरीपर्यंत आली आणि मागच्या अंगणाकडे वळली. "हे ती आम्हाला हसत सांगायची. आम्हीपण हसायचो."

मग तिला हळदीकुंकू दिसलं. बायकोनं सांगितलं की सकाळी पुसते, हे लावते, आणि यावर कोणी पाय ठेवत नाही.

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"पोस्टमन?"

"तो पोर्चपर्यंतच. मागच्या वर्षी बॉयलरवाला ठेवत होता, मी ओरडले त्याला."

म्हातारी मोठ्यानं हसली. हसता हसता माझ्याकडे वळली. "आणि रविवारी तुम्ही हा रस्त्यावर बसवणार."

"पाटीखाली. लोक त्यावर उभे राहून वाचतील."

"राहतील, हो," ती म्हणाली.

पुढे ती काही बोलली नाही. मी वाट पाहिली. सौद्यात समोरचा गप्प बसला की तो काहीतरी मागणार असतो, आणि मी आधी बोललो तर हरलो. पण मीच बोललो. "तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला काय हवंय?"

"मला?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "दगड तुमचा आहे. मी बघायला आले होते, बघितला."

ज्याला काहीच नको त्याच्याशी कसं बोलायचं, हे मला मिरजेच्या दुकानात कोणी शिकवलं नव्हतं. ज्या दोन खळग्यांवर बोट ठेवून मी ठेकेदाराला भावात खाली ओढला होता, त्यांतल्या एकावर तिचा हात अजून होता.

निघताना बायको म्हणाली, "आता पुढून जा, आजी. हात देते मी." म्हातारीनं उघड्या दारातून पोर्चकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "नको गं. मागचंच ग्रँड आहे," म्हणाली आणि आली तशी स्वयंपाकघरातून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून गेली. मी खिडकीतून पाहिलं.

 त्या दिवशी मीच बायकोशी भांडलो. म्हटलं, सहा महिने घासाघीस केलीय मी, नाव लागतंय माझं. ती कणीक मळत होती. "मग लावा की," म्हणाली. "मी कुठे अडवलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओले गोल होते. मी हॉलमध्ये उभा राहून मास्तरांना फोन केला. "पायरी देत नाही."

"आता काय हवंय तुला?"

"काही नको."

"चल, सांग. किती वर चढवतोयस?"

आयुष्यात असं शेवटच्या क्षणी मी पुष्कळदा चढवलंय, त्यामुळे त्यांचा काही दोष नव्हता. म्हातारीचं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण मग पुढच्या रविवारी समिती कॅमेरा घेऊन तिच्या वृद्धाश्रमात गेली असती आणि तिला पुढच्या दारात उभी करून फोटो काढला असता. मी म्हणालो, "मन बदललं."

"तुझ्यासारख्या माणसाकडून," मास्तर सावकाश म्हणाले, "मी दुसरी अपेक्षाच करायला नको होती."

यावर माझ्याकडे चार उत्तरं तयार होती. एकही दिलं नाही. फोन ठेवला.

आता गावात मी दिलेला शब्द मोडणारा, हवेलीची शेवटची खूण दाबून बसलेला बुवा आहे. पितळी पट्टी तयार झाली होती म्हणतात. आईला मी सांगितलं, कार्यक्रम पुढे गेला. ती दर फोनला विचारते. त्या पाटीवरचं वाक्य खोटं आहे हे पूर्वी मी ओरडून सांगू शकत होतो, आता तेही करता येत नाही, 'मग दे की पायरी' म्हणतील. समितीवरचा माझा राग मात्र तसाच आहे, त्यांनी मला बोलावलं नव्हतं ते नव्हतंच.

गेल्या हिवाळ्यात बायकोला सकाळची पाळी लागली. पहाटेच निघाली. जाताना जिन्यातून म्हणाली, "अहो, उंबरठा तेवढा बघा." उजाडल्यावर मी फडकं ओलं केलं, पिळलं, आणि बसलो. मी जाडजूड माणूस आहे, बसायला भिंत धरावी लागते. हॉल अरुंद, डाव्या भिंतीला धरून खाली झालो, तोल पुढे गेला आणि गुडघे दगडावर टेकले. कुठे टेकले ते मला बघावं लागलं नाही. बसले. मापात.

किती वेळ तसा होतो ते सांगता येणार नाही. उठलो, पुसायचं ते उभ्यानं वाकून पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, ओलांडून बाहेर आलो.

पाटीपाशी उजवीकडे वळायला थांबलो. समोरून गाड्यांची रांग होती. वाचायचं ते वाचलं. मग खाली पाहिलं तर पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर दोन ओले गोल. गाडीतला हीटर पूर्ण वाढवला. वखारीत पोचेपर्यंत ते वाळले नाहीत.